गावात ज्याची कोणीतरी वाट बघतंय, असा शाळेचा प्रकल्प कसा उभा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. दरवर्षी स्वच्छता फेरी, वृक्षारोपण, रॅली होते. फोटो वर पाठवले की विषय संपतो. या वर्षी मुलांकडून गावासाठी खरं काहीतरी करून घ्यायचं आहे आणि त्यातून अभ्यासही व्हायला हवा. मुख्याध्यापक म्हणतात, पोर्शन मागे पडेल. काही पालक म्हणतात, पोरं शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही. विषय कोणता घ्यावा, वेळ कुठून काढावा, गुण कसे द्यावेत?"

ताई, विषय, वेळ आणि गुण या तिन्हींकडे येते. पण तुमची खंत त्याआधीची आहे आणि अडचणीचं मूळ तिथेच आहे. स्वच्छता फेरी निघाली नसती तर गावात कोणाचं काय अडलं असतं? कोणाचंच नाही. रोपं लावली नसती तरी शाळेत येऊन कोणी जाब विचारला नसता. ज्या कामाची गावात कोणी वाट बघत नाही, ते चांगलं झालं की वाईट हे सांगणारंही कोणी नसतं. मग मोजायला फोटो तेवढे उरतात.

मी बरीच वर्षं वर्गात विज्ञान शिकवलं आणि नंतर आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, इतर शाळांच्या शिक्षकांबरोबर असे प्रकल्प उभे केले. त्या सगळ्यातून एका गोष्टीवर माझा ठाम आग्रह तयार झाला आहे. विषय शोधण्याआधी माणूस शोधा. मुलं जे मोजतील, बनवतील किंवा शोधून काढतील ते ज्याला हवं आहे, ज्याच्या रोजच्या कामात ते वापरलं जाणार आहे आणि चुकीचं निघालं तर जो तुम्हाला सांगायला येईल, असा गावातला एक माणूस किंवा एक समिती. तो सापडला की विषय आपोआप ठरतो, पालकांचं बोलणं बदलतं आणि मुलांच्या वहीतले आकडेही बदलतात. ज्या आकड्यावर कोणी अवलंबून आहे तो आकडा मुलं दोनदा तपासतात. बाईंना दाखवण्यासाठी लिहिलेला आकडा कोणीच दोनदा तपासत नाही.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1937 साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, तेव्हा हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी होतं. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून माध्यमिक शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला. गावाला लागणाऱ्या सेवा मुलांनी शिकता शिकता द्यायच्या, हा त्याचा कणा आहे. वेल्डिंग शिकायचं ते कोणाच्या तरी गोठ्याचं फाटक करताना. फाटक वाकडं झालं तर मालक घेणार नाही, आणि त्या न घेण्यातच धडा आहे. आपल्या शाळांत कार्यानुभव हा विषय कागदावर कधीपासून आहे. त्यातून हे गिऱ्हाईक गळालं आणि कागदी फुलं उरली.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगते, म्हणजे पुढचं जसंच्या तसं उचलून तुमची अडचण होणार नाही. तुमच्या शाळेत येणारी मुलं गावातलीच आहेत, वस्तीतलीच आहेत. शहरातल्या शाळेची मुलं बसने एखाद्या वस्तीत जातात तेव्हा देणारा आणि घेणारा असे दोन पक्ष पडतात आणि ते सांभाळणं हेच मोठं काम होऊन बसतं. तुमच्याकडे ती अडचण कमी आहे. पण गावातले तट, भावकी, निवडणुकीतली भांडणं तुमच्या वर्गात बसलेली आहेत. सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष एकमेकांशी बोलत नसतील तर विषय वेगळा निवडावा लागेल. तुम्ही शाळेत एकट्याच उत्साही असाल तर आवाका लहान ठेवा. आणि बदलीचं वर्ष असेल तर एका सत्रात पुरं होईल एवढंच हातात घ्या.

माणूस शोधायचा कसा? सुरुवातीच्या दोन शनिवारी मुलांना गटागटाने गावात पाठवा. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), आशाताई, अंगणवाडी सेविका, नळाचं पाणी सोडणारे, रेशन दुकानदार, दूध संकलन केंद्रावरची माणसं, बचत गटाच्या महिला, ज्यांचा कामाशी रोजचा संबंध आहे अशांकडे. "गावातल्या समस्या सांगा" असं विचारायला लावू नका. त्यावर सगळे व्यसनमुक्तीपासून रस्त्यापर्यंत ठरावीक यादी सांगतात. मुलांनी विचारायचं ते एवढंच: "तुमच्या कामात अशी कोणती माहिती लागते, जी तुमच्याकडे नाही?" या प्रश्नावर माणसं थांबतात, विचार करतात आणि अगदी बारीक, करता येण्यासारखं काहीतरी सांगतात. अंगणवाडीताई म्हणतात, वजनाच्या दिवशी कोणत्या वाडीवरची मुलं येतच नाहीत ते एका नकाशावर दिसलं तर बरं होईल. दूध केंद्रावरचा म्हणतो, फॅट कमी का लागलं म्हणून रोज भांडण होतं, लोकांना समजेल असं काहीतरी लिहून द्या. पाणी सोडणारा म्हणतो, शेवटच्या आळीची रोज तक्रार असते, पण खरंच किती पाणी पोचतं ते मला कुठे माहीत आहे?

हा शेवटचा विषय मी अनेक शाळांत होताना पाहिला आहे आणि तुम्ही गणित-विज्ञान शिकवता म्हणून त्यावर जरा थांबते.

काम दिसायला सोपं आहे. टाकीजवळच्या आळीत आणि शेवटच्या वस्तीत नळाला किती वेळ आणि किती पाणी येतं ते मोजायचं. साधनं म्हणजे बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ. पण पहिल्याच दिवशी प्रश्न येतो: बादली किती लिटरची? दुकानदार सांगतो तो आकडा आणि बादलीत प्रत्यक्ष मावणारं पाणी यात फरक असतो. मग एक लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतून आतल्या बाजूला दहा लिटरची खूण करावी लागते. सगळ्या गटांच्या बादल्यांवर तीच खूण. मापनाची साधनं जुळवून घेणं म्हणजे काय, हे शब्दांत समजावण्याची गरज उरत नाही.

समजा टाकीजवळ दहा लिटर भरायला 100 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला 6 लिटर. शेवटच्या वस्तीत तेच दहा लिटर भरायला 240 सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला अडीच लिटर. पाणी 40 मिनिटं येत असेल तर एका घरी 240 लिटर आणि दुसऱ्या घरी 100 लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर लागतात. पहिलं घर निकषाच्या जवळ आहे आणि दुसऱ्या घरात माणशी 20 लिटर पडतात. हा हिशेब फळ्यावर मांडला जातो तेव्हा दुसऱ्या घरातली मुलगी वर्गात बसलेली असते. पाणी कमी येतं हे तिला माहीत असतंच. पण ते आकड्यात सांगता येतं आणि आकडा कुठेतरी मांडता येतो, हे तिला त्या दिवशी कळतं.

यात सरासरीचा एक धडा लपलेला आहे, तो चुकवू नका. गावाची सरासरी काढा म्हटलं की काही मुलं वेळांची सरासरी काढतात: 100 आणि 240 यांची 170 सेकंद, म्हणजे मिनिटाला सुमारे साडेतीन लिटर. काही मुलं दरांची काढतात: 6 आणि 2.5 यांची 4.25. दोन्ही गटांचं गणित बरोबर आणि उत्तरं वेगळी. आता वाद घालू द्या. दोन्ही घरांना पाणी सारखाच वेळ येत असेल तर एकूण पाण्याशी जुळते ती दरांची सरासरी, हे मुलांनी स्वतः 40 मिनिटांचं एकूण पाणी मोजून पटवून घ्यायचं. आणि मग पुढचा, माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न: 4.25 हा आकडा गावात कोणाच्या नळाला येतो? कोणाच्याच नाही. सरासरीने काय दिसतं आणि काय झाकलं जातं, हे सातवी-आठवीच्या मुलाला याहून चांगलं कुठे कळणार? सातवीचा जोडस्तंभालेख, आठवीचं सांख्यिकी इथे त्यांना लागतातच म्हणून शिकले जातात.

विज्ञानही तसंच येतं. आठवीला बल आणि दाब आहे. शेवटच्या वस्तीत दाब कमी का? ती उंचावर आहे का, की नुसती लांब आहे? गावातल्या गवंडीमामांना बोलवा. ते पारदर्शक नळीत पाणी भरून दोन ठिकाणांची पातळी मिनिटभरात काढून दाखवतात. तीच नळी हातात घेऊन मुलांनी टाकीपासून वस्तीपर्यंत टप्प्याटप्प्याने उंचीतला फरक काढायचा. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ साधारण एका वातावरणाएवढा दाब देतो, हे पुस्तकातलं वाक्य मग गावाच्या चढउतारावर तपासून बघता येतं. गवंडीमामांना शाळेत पाहुणे म्हणून खुर्ची मिळते, आणि त्यांचा मुलगा तुमच्या वर्गात असेल तर त्या दिवशी तो कसा बसतो ते बघा.

आता यातले धोके. पाणी सोडणाऱ्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कोणता व्हॉल्व्ह किती फिरवायचा हे त्याच्या डोक्यात असतं, कुठे लिहिलेलं नसतं. मुलांनी आधी त्याच्याकडून शिकायचं, त्याच्याबरोबर फिरायचं, त्याच्या सांगण्यावरून पाइपलाइनचा नकाशा काढायचा. नाहीतर सगळं काम त्याच्याविरुद्धची तक्रार होऊन जातं. तुटपुंज्या पगारावरचा तो माणूस बोलणी खातो आणि ज्यांनी लाइन चुकीची टाकली ते बाजूलाच राहतात.

दुसरं, मोजायला गेलं की काही घरांत नळाला थेट मोटार लावलेली दिसते. मुलं येऊन उत्साहाने नावं सांगतात. ती नावं कागदावर येऊ देऊ नका. नोंद आळीवार करायची, घरवार नाही. "या आळीत पाण्याची वेळ सुरू झाल्यावर पुढे दाब एकदम घटतो" एवढंच लिहायचं. कोणाची मोटार आहे हे गावाला माहीत असतं. मुलांना चुगलखोर ठरवून प्रकल्प पुढे जात नाही आणि उद्या त्याच घरातलं पोर तुमच्या वर्गात येणार असतं.

तिसरं, आणि हे सगळ्यात जपून. शेवटची वस्ती बहुतेक वेळा कोणाची असते हे तुम्हाला ठाऊक आहे. पाणी शेवटी पोचतं, रस्ता शेवटी पोचतो, दिवा शेवटी लागतो. मुलांच्या नकाशात हे उघडं पडतं. त्यापासून पळू नका, पण तयारी करून जा. वस्त्यांची जातीवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला आहे. तरी बोलण्यात ती नावं येतातच. नकाशावर कोणतं नाव लिहायचं हे त्या वस्तीतल्या लोकांना विचारून ठरवा. गट करताना प्रत्येक आळीची मुलं मिसळा, म्हणजे टाकीजवळच्या मुलाने शेवटच्या नळाखाली स्वतः बादली धरून चार मिनिटं उभं राहायला हवं. आणि वस्तीतल्या मुलांना फक्त "माहिती देणारे" बनवू नका. मोजणारा, लिहिणारा, मांडणारा ही कामं फिरती ठेवा. झाडू आणि खराटा कोणाच्या हातात येतो याकडे तर कायम लक्ष हवं. पालकांनी जो आक्षेप घेतला आहे त्याला काही घरांत फार जुनी कारणं आहेत आणि तो राग रास्त आहे.

मुलींबद्दलही हेच. पाणी कधी येतं, कुठे पहिला हंडा लागतो, कोणत्या दिवशी शाळा बुडते, हे मुलींना सगळ्यात जास्त माहीत असतं, कारण पाणी त्याच भरतात. हे ज्ञान आहे असं पहिल्यांदाच कोणीतरी म्हणायला हवं. पण पाण्याच्या वेळेला मोजायला पाठवलेल्या मुलीचं घरचं पाणी कोण भरणार, हेही विचारून ठेवा. त्या प्रश्नाने मुलगे आणि मुली एकमेकांकडे बघतात, आणि तिथून चांगली चर्चा सुरू होते.

प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटं शांत बसून लिहिणं मी कधी सोडू देत नाही. मला आधी काय वाटत होतं, मी काय पाहिलं, आता कोणता प्रश्न पडला आहे. एवढंच. हे नसेल तर मुलं मनाने सोपे निष्कर्ष काढतात. "ते लोक पाणी वाया घालवतात म्हणून पुरत नाही" हे वाक्य मी अनेक वह्यांत वाचलं आहे. ते खोडू नका. पुढच्या फेरीला कसं तपासणार, एवढं विचारा. वाया जाणारं पाणीही मोजता येतं.

पाणी जमण्यासारखं नसेल तर दुसरे पर्याय आहेत. पावसाची नोंद हा माझा आवडता, कारण तो एकट्या शिक्षकालाही झेपतो. सरळ उभ्या बाजूंचं भांडं, आत पट्टी, आणि रोज सकाळी साडेआठला वाचन, कारण हवामान खात्याचीही तीच वेळ आहे. मोठ्या तोंडाच्या डब्यात जास्त मिलिमीटर पाऊस पडेल का, हा प्रश्न वर्गाला टाकून बघा. आकडा सारखाच येतो, पण दोन डबे शेजारी ठेवल्याशिवाय निम्मा वर्ग ऐकत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे एकदा बसलं की शाळेच्या छपरावर किती पाणी पडतं ते मुलं स्वतः काढतात. 100 चौरस मीटर छप्पर आणि 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे 50,000 लिटर. शेतकऱ्यांना यात रस असतो, कारण नुकसानभरपाईसाठी अतिवृष्टी धरली जाते ती महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर, आणि मंडळाचं पाऊस मोजण्याचं केंद्र आपल्या शिवारापासून लांब असतं. मात्र मुलांना आणि गावाला आधीच स्पष्ट सांगा की शाळेची नोंद सरकारदरबारी ग्राह्य धरली जात नाही. ती गावाला आपल्या पेरणीचा आणि विहिरींचा अंदाज घ्यायला उपयोगी आहे. रोज फळ्यावर आकडा लिहिला की चार-आठ दिवसांत लोक जाता-येता थांबून वाचतात. एखाद्या दिवशी लिहायचा राहिला तर कोणीतरी विचारतं. ते विचारणं सुरू झालं की तुमचा प्रकल्प उभा राहिला असं समजा.

विहिरींची पातळी मोजणं हाही चांगला विषय आहे, पण कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना नेऊ नका. दोरी मोठ्या माणसाने सोडावी, वाचन मुलांनी दुरून घ्यावं, आणि काठावर रंगाने खूण केलेल्या एकाच जागेवरून दरवेळी मोजावं. मोटार चालू झाली की पातळी खाली जाते, म्हणून मोटार सुरू होण्याआधीची वेळ धरा. पिण्याच्या पाण्याच्या तपासणीतही तेच. ब्लीचिंग पावडर, ज्याला आपल्याकडे सगळे टीसीएल म्हणतात, ती मुलांच्या हातात नको. पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते दाखवणाऱ्या ओटी चाचणीचे थेंबही गावाचं पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकानेच टाकायचे. मुलांनी पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा, तारीख-वेळ लिहायची आणि महिन्याचा आलेख करायचा. नोंद ठेवणं हे या कामातलं सगळ्यात दुर्लक्षित राहणारं अंग आहे आणि मुलं ते फार नीट करतात.

वृक्षारोपण सोडायचंच नसेल, तर रोपं लावण्याआधी एप्रिल-मे मध्ये त्यांना पाणी कोण घालणार याची नावं लिहून घ्या. नावं मिळाली नाहीत तर रोपं कमी करा.

आता वेळ. मुख्याध्यापकांची काळजी खोटी नाही, आठवीला वार्षिक परीक्षेचा ताण आहेच. त्यांच्यासमोर आकडे घेऊन जा. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन धरलं आहे. तुम्ही आठवड्याला दोन तास, दहा आठवडे मागत आहात. म्हणजे 20 तास, वर्षाचे दोन टक्के. त्यातही सरासरी, आलेख, दाब, पत्रलेखन, अहवाल आणि सहावीच्या नागरिकशास्त्रात झालेल्या ग्रामपंचायतीची उजळणी होणार आहे. एका पानावर दोन रकाने करा: डावीकडे प्रकल्पातलं काम, उजवीकडे पाठ्यपुस्तकातला घटक. मी या पानाशिवाय कोणत्याही मुख्याध्यापकांकडे जात नाही. त्याच कायद्याच्या 29व्या कलमात कृतीतून, शोधातून शिकण्याचा उल्लेख आहे आणि 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. हे शेवटी सांगा. आधी पान दाखवा. शनिवारच्या आनंददायी उपक्रमांची वेळ तर तुमच्या हातात आहेच.

पालकांना पत्रक पाठवून उपयोग नाही. मुलाच्या वहीतला घराजवळच्या नळाचा हिशेब त्या मुलाने आई-वडिलांना वाचून दाखवायचा, त्यांनी चूक काढायची आणि खाली सही करायची. "आमच्याकडे पाणी चाळीस मिनिटं कुठे, पंचवीसच मिनिटं येतं" असं एखाद्या आईने दुरुस्त केलं की ती प्रकल्पात आली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव लिहून घ्या. मुलं शाळेच्या वेळात बाहेर जाणार असतील तर लेखी संमती आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस, यात तडजोड नको.

गुणांचं काम तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनतंत्रांत प्रकल्प, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि तोंडी काम आधीपासून आहेत. नवीन रकाना लागत नाही. मी तीन गोष्टींना गुण देते. नोंदी विश्वासाच्या आहेत का, म्हणजे दुसऱ्या गटाने त्याच ठिकाणी मोजलं तर जुळतात का. निष्कर्ष नोंदींतूनच निघतो का, की मनातला आहे. आणि ज्याच्यासाठी काम केलं त्याला ते समजेल अशा भाषेत सांगता आलं का. गटाला एकच गुण देऊ नका. गटात एक मुलगी सगळं लिहिते आणि बाकीचे नावं घालतात, हे तुम्हालाही माहीत आहे. प्रत्येकाला आलेखासमोर उभं करून दोन प्रश्न विचारा, पुरे होतं. सेवाभावाला, समाजकार्याच्या आवडीला गुण देऊ नका. गुण दिले की मुलं ती आवड दाखवायला शिकतात. शेवटच्या वस्तीतून परत आलेलं मूल गप्प झालं असेल तर त्याला कोणत्या श्रेणीत बसवायचं?

थोडक्यात इथपर्यंतचं: आधी वाट बघणारा माणूस, मग त्याचा नेमका प्रश्न, मग पाठ्यपुस्तकाशी जोडणारं एक पान, मग मोजणं आणि प्रत्येक फेरीनंतर लिहिणं. फोटो काढा, पण शेवटी.

राहिली ती ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमारास ग्रामसभा होतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केलंत तर दहा आठवड्यांत 26 जानेवारी गाठता येते आणि पाणीटंचाई तीव्र होण्याआधी गावाच्या हातात थोडा वेळ राहतो. ग्रामसेवकांना आधी भेटून विषयपत्रिकेत पाच मिनिटं लिहून घ्या. ऐनवेळी मुलांना उभं केलं तर टाळ्या मिळतात आणि माईक पुढच्याकडे जातो. मुलांनी भाषण करायचं नाही. एक मोठा नकाशा, एक आलेख, आणि एकच मागणी, तीही करता येण्यासारखी. "शेवटच्या वस्तीचा व्हॉल्व्ह आठवड्यातून तीन दिवस आधी उघडून बघा, आम्ही पुन्हा मोजून सांगतो." अशी मागणी असली की सभेला हो किंवा नाही म्हणावं लागतं. अहवालाची एक प्रत पोच घेऊन ग्रामपंचायतीत द्या. पोच घ्यायला मुलांनाच पाठवा. शिक्का कसा मारतात, आवक क्रमांक म्हणजे काय, हे त्यांना पुढे आयुष्यभर लागणार आहे.

कधीकधी काहीच होत नाही. सभा हो म्हणते आणि व्हॉल्व्ह तसाच राहतो. मुलं विचारतात, बाई, मग आपण कशाला मोजलं? याला गोड उत्तर देऊ नका. महिन्याने पुन्हा मोजायला न्या, बदल झाला नाही अशी नोंद करा, दुसरं पत्र लिहा, पहिल्या पत्राच्या पोचेचा क्रमांक त्यात घाला. वरच्या वर्गात जाताना वही खालच्या वर्गाच्या हातात द्या. मी पाहिलेल्या कामांपैकी जिथे खरोखर काही हललं तिथे बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी हललं, कारण दुसऱ्या वर्षी शाळेकडे दोन वर्षांचे आकडे होते आणि ग्रामपंचायतीकडे एकाही वर्षाचे नव्हते.

तुम्ही दोन वर्ग घेता, म्हणजे हे तुम्हाला सोपं आहे: सातवीने या वर्षी मोजायचं, पुढच्या वर्षी तीच मुलं आठवीत जाऊन नव्या सातवीला बादलीवर खूण करायला शिकवतील. तुमच्या गावात पाणी किती वाजता सुटतं, शाळा किती वाजता भरते आणि वाड्या-वस्त्या शाळेपासून किती लांब आहेत, एवढं कळवलंत तर पहिल्या दोन आठवड्यांचं वेळापत्रक आणि ते दोन रकान्यांचं पान आपण मिळून लिहू.